जाळीच्या खोलीतला दिवा

मी वायरमन आहे. शेखापुरात कुणाची मोटार जळली, पंखा कुरकुरायला लागला, लग्नाच्या मांडवाला लायटिंग करायचं असलं की बोलवा जालिंदरला, असं गेली दहा-बारा वर्षं चाललंय. माझ्या आज्याला या गावात ओट्यावर चढू देत नव्हते. मला मात्र फ्यूज उडाला की थेट स्वयंपाकघरात नेतात. अंधारात गावाला आमची जात आठवत नाही, लाईट आली की आठवते. असो. मला सांगायचंय ते एका ट्यूबबद्दल. चार फुटी, चाळीस वॅटची, खर्ड्याच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळणारी. अशा शेकडो ट्यूबा मी बसवल्या. त्यांतली ती एक बसवली नसती, तर आज मी माझ्या चुलतीच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो असतो.

चुलतीचं नाव भागिरथी. तिचा एकुलता एक मुलगा सम्राट. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण जिभेने माझा बाप. आमच्या वस्तीच्या तोंडाशी आम्ही वस्तीच्या नावाची पाटी लावली होती, निळ्या रंगात, दोन लोखंडी पायांवर. एका सकाळी ती उपटून नाल्यात टाकलेली दिसली. सम्राटने ती धुतली आणि परत रोवली. पुन्हा उपटली, पुन्हा रोवली. तिसऱ्यांदा रोवली त्या दिवशी तो स्टँडवरच्या हॉटेलात चहा पीत बसला आणि हे काम कुणाचं, ते नाव घेऊन बोलला. मी त्याला म्हणालो होतो, नाव घेऊ नको. तो हसला. म्हणाला, "ज्याचंय त्याचंच घेतलं ना, दुसऱ्याचं तर न्हाई घेतलं?"

नाव होतं कारभारीचं. साखर कारखान्याला ट्रॅक्टर पुरवणारा, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा माणूस. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, म्हणजे लोक त्याला घाबरत होते. शहाण्णव सालच्या मार्चमध्ये, दिवस मावळता मावळता, त्याने आणि त्याच्या दोन माणसांनी सम्राटला पिंजारगल्लीत गाठलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यांनी मारून टाकलं. दांड्यांनीच, पात्याने नाही. म्हणजे वेळ लागला असणार.

गल्लीत समोरासमोर दोन दुकानं. एका बाजूला किराणा, दुसऱ्या बाजूला परवेझचं गाद्यांचं दुकान. परवेझ त्या दिवशी रुई आणायला श्रीरामपूरला गेला होता, दुकान बंद होतं. किराणावाल्याचं दुकान उघडंच होतं, त्याच्या दारावरचा बल्बही चालू होता. पोलिसांना तो म्हणाला, मी मागे गुळाची ढेप फोडत होतो, मला काही ऐकूच आलं नाही. गूळ फोडायचा आवाज एवढा मोठा असतो हे गावाला त्या दिवशी कळलं. बाकीच्या दारांनी तर तोंडच उघडलं नाही.

बघितलं फक्त एका माणसाने. परवेझच्या आईने. गौहरचाचीने.

परवेझच्या दुकानावर माडीची एक खोली आहे. घर त्याच्या पणजोबाने हैदराबादला निघून गेलेल्या एका काझीकडून घेतलेलं. बाकी सगळं घर पडून पुन्हा पत्र्याचं झालं, पण ती एक खोली आणि तिची खिडकी जुनीच राहिली. खिडकी म्हणजे दगडाची जाळी. अख्ख्या एका काळ्या फाडीतून कोरलेली, सांधा कुठेच नाही. आठ टोकांच्या चांदण्या एकमेकींत अडकवत नेलेल्या आणि मधे अंगठा जाईल एवढाली भोकं. भोकं सरळ नाहीत, आतून बाहेर उतरती केलीत. गल्लीतून वर बघितलं तर दगड आणि काळोख, बाकी काही नाही. आतली बाई खाली मांडी घालून जाळीला कपाळ टेकून बसली की तिला गल्ली दिसते. ज्या कारागिराने ती कोरली, त्याने बाईने कुठे बसायचं, तिची मान किती खाली असेल, हे सगळं मोजून कोरली असणार. हे मला आता समजतं. खुनाच्या आधी मी त्या खोलीत एकदाच गेलो होतो आणि छताकडे बघून परत आलो होतो.

त्या वेळी परवेझच्या घरी वायरिंग नव्याने करायचं होतं. मी म्हणालो, वरच्या खोलीत पॉइंट काढू? गौहरचाची जिन्यातूनच म्हणाली, "तिथं नको रे बाबा. त्या खोलीत दिवा लावायचा न्हाई आन् जाळीला चुना लावायचा न्हाई, सासूनं सांगितलंय."

"का पन चाची?"

"का म्हंजे? आमच्यात लावत न्हाईत."

मी मनात हसलो. आमच्यातही म्हाताऱ्यांच्या अशा पन्नास गोष्टी होत्या. मी पॉइंट काढला नाही आणि विसरून गेलो.

गौहरचाची चाळीस वर्षं त्या जाळीमागे संध्याकाळची बसत होती. नवरा फक्रुद्दीन होता तोवरही आणि तो गेल्यावरही. बाजारहाट परवेझ करायचा, तिला बाहेर जायचं कारण नव्हतं. पण गावातला कुठला माणूस कसा चालतो, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुणाच्या बायकोचा पाय भारी आहे, हे तिला आमच्या आधी कळायचं. तिने सम्राटला मरताना बघितलं. मारणारे तिघे कोण ते बघितलं. रात्री पोलीस आले तेव्हा श्रीरामपूरहून परतलेला परवेझ तिला दाराआड ढकलत होता आणि ती दाराआडूनच मोठ्याने तिन्ही नावं सांगत होती.

"अम्मी, आपल्याला ह्याच गावात राहायचंय," परवेझ रडकुंडीला येऊन म्हणाला होता.

"त्याच्या आईला बी ह्याच गावात राहायचंय," चाची म्हणाली.

भागिरथीकाकू तेव्हापासून चाचीच्या शब्दावर जगत होती. सम्राट गेला ते गेला, पण तिला एक गोष्ट हवी होती. कोर्टाच्या कागदावर लिहिलेलं हवं होतं की तिच्या पोराला कारभारीने मारलं. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि गावात कुणीच म्हणत नव्हतं, ते तिला सोसत नव्हतं. किराणावाला तिला बघून हात जोडायचा. स्टँडवरचे लोक म्हणायचे, लई वाईट झालं, अपघातच म्हणायचा. "अपघात" म्हणाले की काकू तिथून उठून यायची. मला म्हणायची, "जालिंदर, एकदा कागदावर येऊ दे. मंग मी मेले तरी चालंल."

केस उभी राहायला पावणेदोन वर्षं लागली. ॲट्रॉसिटीचं कलम होतं, खुनाचं होतं. चाची बुरखा घालून कोर्टात आली आणि साक्ष दिली. सरळ दिली, एकही शब्द मागेपुढे नाही. मग कारभारीचा वकील उठला. गोरा, गुळगुळीत, आवाज असा की आजारी माणसाची विचारपूस करतोय.

"बाई, तुम्ही रोज संध्याकाळी तिथं बसता?"

"व्हय."

"खोलीत दिवा असतो, का अंधारातच बसता?"

चाचीने मागे परवेझकडे बघितलं.

"म्हणजे तिन्हीसांजेला, एकट्या, अंधारात बसून तुम्ही रस्त्यावरच्या पुरुषांकडे बघत असता. बरोबर?"

कोर्टात मागे बसलेले दोघे-तिघे फिसकन हसले. चाचीची मान खाली गेली. सरकारी वकील उठेल, काहीतरी बोलेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं, तो फाईलची दोरी सोडवत होता. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. चाचीने तोंडच उघडलं नाही. परवेझ माझ्या शेजारी बसला होता, त्याची कानशिलं लाल झाली होती. तिथे लिहून घेतलं, साक्षीदार उत्तर देत नाही.

त्यानंतर त्या वकिलाने पंचनामा काढला. पोलिसांनी भर दुपारी गल्लीत उभं राहून जाळीकडे बघितलं होतं आणि लिहिलं होतं की सदर जाळीतून काही दिसून येत नाही. बाहेरून आत दिसत नाही, ही तर त्या जाळीची करामत! पण वर चढून आतून बाहेर बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यावर वाद झाला आणि शेवटी न्यायाधीश म्हणाले की मी स्वतः जागा बघतो. घटना ज्या वेळेला घडली त्याच वेळेला, म्हणजे संध्याकाळी येतो.

त्या दिवशी काकूने कोर्टाच्या आवारात माझा हात धरला. म्हणाली, "आता साहेब सोताच बघनार. म्हंजे झालंच की रं." दोन वर्षांत ती पहिल्यांदा घास भरून जेवली, एस.टी. स्टँडच्या बाकावर, घरून आणलेली भाकरी.

साहेब येणार तो शुक्रवार होता. त्या दिवशी सकाळी परवेझ माझ्याकडे आला.

"जालिंदर, वरच्या खोलीत एक ट्यूब बसव. आजच."

"चाची नको म्हनती ना?"

"अम्मीला आज बहिणीकडं पाठवलंय, दिवस मावळायला येईल. तू ऐक. त्या हरामखोरानं कोर्टात काय इचारलं ते ऐकलंस ना? अंधारात बसती म्हनं. आता ते सगळे वर येनार, अंधारी खोली बघनार आन् परत हसनार. मला ते नको. माझी आई काय अंधारात बसनारी बाई हाय का?"

मला त्याचं पटलं. मनापासून पटलं. चाचीची खाली गेलेली ती मान मला अजून दिसत होती. आणि दुसरंही मनात होतं. एवढा मोठा साहेब येणार, तोही आमच्यासाठी, त्याला काय अंधारात चाचपडायला लावायचं? उजेड असला की माणसाला चांगलं दिसतं, हे तर लहान लेकराला माहीत असतं. मी वायरमन, मला नाही कळणार?

मी खालच्या बोर्डावरून लाईन घेतली, वायर झाकायची केसिंग पट्टी ठोकली, जाळीच्या बरोबर वर, भिंतीला ट्यूब बसवली. परवेझने तोवर चुना भिजवला होता, निळीची पूड घालून. आम्ही दोघांनी मिळून भिंती पांढऱ्या केल्या. पट्टी नवी दिसू नये म्हणून तिच्यावरूनही ब्रश फिरवला. जाळी तेवढी काळीकुट्ट राहिली होती, चांगली दिसेना. परवेझ म्हणाला, तिलाही मार. मी तिच्या प्रत्येक चांदणीला आतून चुना लावला, भोकांच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. एक लोखंडी खुर्ची आणून जाळीसमोर ठेवली, वर चादर टाकली. एवढं सगळं झाल्यावर आम्ही दारात उभं राहून खोली बघितली. खरंच सुरेख दिसत होती. पण मी त्या जाळीतून एकदाही बाहेर बघितलं नाही. ती घरच्या बायकांची बसायची जागा. तिथे जाऊन डोळा लावावा, असं मनातच येत नव्हतं. परवेझच्याही आलं नाही. तो त्या घरात जन्मला, पण मिसरूड फुटल्यापासून तिथे बसला नव्हता.

दिवस मावळायला दोन गाड्या आल्या. न्यायाधीश साहेब, त्यांचा कारकून, दोन्ही वकील. साहेब उंच, किडकिडीत, जिन्याच्या पायथ्याशी त्यांनी स्वतःहून बूट काढले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला बरं झालं असतं, शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं. त्यांनी सांगितलं की साक्षीदार बाईंनी खालीच थांबावं, पाहणी चालू असताना त्यांनी बोलायचं नाही. चाची तेव्हा नुकतीच आली होती, तिला थेट मागच्या स्वयंपाकघरात बसवलं. गल्लीत हवालदार आणि तीन माणसं उभी केली, जिथे सम्राट पडला होता बरोबर तिथे. किराणावाल्याचा बल्ब चालू. काकू गल्लीच्या तोंडाशी पदर डोक्यावर घेऊन उभी होती.

परवेझने बटण दाबलं. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. पांढऱ्या भिंतींवर असा लख्ख उजेड पडला की साहेबांनी डोळे बारीक केले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो, माझ्या मनात आलं, काय झकास काम झालंय.

साहेब जाळीजवळ गेले. चुना अजून ओला होता. त्यांनी बोट लावून बघितलं, बोट पांढरं झालं, तसे ते काळा कोट सांभाळत हातभर मागे सरकले. खुर्चीवर बसून बघितलं, मग उभं राहून बघितलं.

तेवढ्यात खालून मेहरीनभाभी धावत जिन्यात आली. परवेझची बायको. चार पायऱ्या खाली थांबली. धाप लागली होती.

"जालिंदरभाऊ, अम्मी म्हनत्यात लाईट बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"भाभी, साहेब वर हायेत."

"जिन्यात उजेड बघून त्या लई कावल्यात हो. म्हनत्यात, लाईट कोनी लावला, बंद कर म्हनावं."

मला वाटलं, म्हातारीला सासूची जुनी रीत आठवली. आता ही काय रीतीभाती काढायची वेळ आहे? मी हात आडवा केला. म्हणालो, "भाभी, खाली जावा. पाहनी चाललीय." ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि उतरून गेली. तो हात मी आडवा केला नसता तर! किती वेळा तो हात मी मनातल्या मनात खाली घेतलाय.

आत साहेब म्हणाले, "खाली कोण उभं आहे, मला सांगता येत नाही. बल्ब दिसतो. बाकी सगळं काळं आहे." कारभारीचा वकील शेजारी हात बांधून उभा होता. तो अवाक्षर बोलला नाही. त्याला कळलं होतं. त्या खोलीत त्या एकाच माणसाला कळलं होतं. सरकारी वकील घड्याळ बघत होता.

मग साहेबांनी मान वर करून ट्यूबकडे बघितलं. म्हणाले, "हा दिवा घटनेच्या दिवशी होता का?"

परवेझने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे मला विनवत होते. नाही म्हटलं तर त्याची आई अंधारात बसणारी बाई ठरणार. शिवाय मला भीती वाटली की आजच बसवलाय म्हणालो तर तो गुळगुळीत वकील म्हणेल, बघा साहेब, यांनी जागेत फेरफार केला, सगळंच बनावट. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"वायरमन, साहेब. ह्या घराचं वायरिंग माझंच हाय."

"मग सांगा. होता हा दिवा?"

"व्हय साहेब," मी म्हणालो. "हुता. रोज चालूच असतो."

कारकुनाने ते लिहून घेतलं.

गाड्या गेल्यावर चाची वर आली. ट्यूब चालूच होती. ती जाळीकडे बघत उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. मला म्हणाली, "उजेडात बसून अंधारातलं दिसतं का रे कधी? बाहेरच्याला आपन दिसतो, आपल्याला बाहेरचं न्हाई. म्हनून तर आमी दिवा लावत न्हवतो. म्हनून तर दगड काळा ठेवला हुता. एवढं बी तुला कळू नये? तू तर लाईटीचाच मानूस!"

मी ट्यूबचं बटण बंद केलं. परवेझ भिंतीला टेकून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सरकारी वकिलाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, "न्यायाधीशांपुढे खोटं बोललात असं आता लिहून देणार का? दोघेही आत जाल. आणि साक्षीदार बाईचं घरच खोटं बोलतं म्हटल्यावर तिच्या साक्षीचं काय राहील? गप्प बसा. मी युक्तिवादात बघून घेतो." आम्ही गप्प बसलो. चाची म्हणत होती, मला परत कोर्टात न्या, मी सांगते. परवेझने नेलं नाही. मी नेऊ शकलो असतो. मोटारसायकल होती माझ्याकडे. भ्यालो, दुसरं काही नाही. घरी बायको होती, लहान पोरगी होती, असं मी स्वतःला सांगायचो. काकूला मी काहीच सांगितलं नाही. ती रोज विचारायची, साहेबांना नीट दिसलं असंल ना रं? मी म्हणायचो, बघू.

एप्रिलमध्ये निकाल लागला. तिघेही निर्दोष सुटले. गावात ट्रॅक्टरवरून गुलाल उधळत आले, आमच्या वस्तीसमोर पाऊण तास थांबले. पाटी या वेळेला उपटली नाही, नुसती वाकवली.

काकू रडली नाही. आठवडाभराने म्हणाली, "कागद आनलाय का? वाचून दाखव. काय लिवलंय ते मला ऐकायचंय." तिला वाचता येत नव्हतं. मी तिच्या घरात, तिच्यासमोर, निकालाची नक्कल घेऊन बसलो. चोवीस पानं होती. सोळाव्या पानावर आलो आणि थांबलो. ते वाक्य मी आधी चार वेळा वाचलं होतं. वगळून पुढे जाता आलं असतं, तिला कसं कळणार होतं?

"का थांबलास? वाच."

मी वाचलं. "घटनेच्या वेळी सदर खोलीत विजेचा दिवा चालू होता, असे स्थळपाहणीच्या वेळी हजर असलेल्या वायरमनने सांगितले. अशा उजेडात सदर जाळीतून गल्लीतील इसम ओळखणे शक्य नाही, हे न्यायालयाने प्रत्यक्ष पाहिले आहे. सबब साक्षीदार गौहरबी हिच्या साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही."

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"वायरमन म्हंजे तू."

"व्हय काकू."

"दिवा तू लावलास?"

"त्याच दिवशी लावला. आधी न्हवता."

"आन् हुता म्हनलास."

"व्हय."

ती मला मारेल असं वाटलं. मारावं असंही वाटलं. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चल."

दिवस मावळत होता. ती पुढे, मी मागे, असे आम्ही पिंजारगल्लीत गेलो. गौहरचाचीने दार उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग चाचीने काकूचा हात धरला आणि तिला जिन्याने वर नेलं. मी पायथ्याशीच थांबलो, तर काकू वरून म्हणाली, "तू बी ये."

ट्यूब मी पाहणीच्याच संध्याकाळी काढली होती. चाचीने काथ्याने घासघासून जाळीवरचा चुनाही काढला होता, दगड पुन्हा काळा झाला होता. खोलीत एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. काकू खाली बसली, चाचीने दाखवलं तसं तिने जाळीला कपाळ लावलं आणि बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गल्लीतून एक मोटारसायकल आली आणि किराण्यासमोर थांबली. काकूची पाठ एकदम ताठ झाली.

"जालिंदर, हितं ये. बस."

मी चाचीकडे बघितलं. "बस," ती अंधारातून म्हणाली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर बसलो आणि दगडाला कपाळ लावलं.

सगळं दिसत होतं. किराणावाल्याच्या तराजूचा काटा दिसत होता. शेंगदाण्याच्या पोत्यावर बसलेली माशी दिसत होती. गटारीच्या कडेचा तो दगड दिसत होता, ज्याच्यावर सम्राटचं डोकं होतं. आणि त्या दगडाजवळ मोटारसायकलवर एक पाय टेकून कारभारी उभा होता, सुपारी कातरत. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, तिथे टाचणी लावली होती. त्याने सहज मान वर केली आणि जाळीकडे बघितलं. तो थेट माझ्या डोळ्यांत बघत होता आणि त्याला मी दिसत नव्हतो.

"दिसतंय का?" काकूने विचारलं.

"दिसतंय."

"कोन हाय?"

"कारभारी."

"नीट बघून सांग. उगं घाई करू नको. कोन हाय?"

"कारभारीच हाय, काकू." मला रडू फुटलं होतं.

"मला बी तोच दिसतोय," ती म्हणाली. "आता तू कुनाला सांगनार?"